वेबपेजवरच्या याद्या: आकडे ब्राउझरला घालू द्या

या वेळी आलेल्या प्रश्नांत याद्यांबद्दलचे प्रश्न इतके होते की अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. टॅगची आणि सीएसएसची (पानाचं दिसणं ठरवणारी भाषा) नावं इथे आपण बोलतो तशी लिहिली आहेत, यूएल (बुलेटची यादी), ओएल (आकड्यांची यादी), एलआय (यादीतला एक आयटम) वगैरे. कोडमध्ये ती नेहमीसारखी रोमन लहान अक्षरांत लिहायची एवढं धरून चाला.

प्रश्न: ताई, मी नुकतंच एचटीएमएल शिकायला लागलेय. सूचनांचं एक पान करायचं होतं तर मी सरळ १, २, ३ आकडे टाइप केले आणि प्रत्येक ओळीनंतर बीआर (ओळ तोडायचा टॅग) टाकला. दिसायला अगदी यादीसारखंच दिसतंय, मग ते ओएल आणि एलआय कशाला हवं? – एक विद्यार्थिनी

उत्तर: दिसतंय सारखंच, पण फक्त तुझ्या स्क्रीनवर आणि फक्त आज. उद्या त्याच सूचनांमध्ये तिसऱ्या नंबरला एक नवी सूचना घालायची वेळ आली की खालचे सगळे आकडे एकेक करून बदलत बसावं लागेल, आणि एखादा बदलायचा राहिला की पानावर दोन पाच दिसतात किंवा सहा गायबच होतो. ओएल असेल तर मधे एक एलआय घालायचा आणि विषय संपला, मोजणी ब्राउझर करतो. माझं तर स्पष्ट मत आहे की आकडा हा आपण टाइप करायचा मजकूरच नाही, तो यादीतल्या जागेवरून आपोआप यायला हवा.

आता ब्राउझरची खिडकी ओढून मोबाइलएवढी अरुंद कर आणि तुझं पान नीट बघ. लांब सूचना दुसऱ्या ओळीवर गेली की ती ओळ थेट डाव्या कडेला, आकड्याच्या खाली येते आणि कुठली सूचना कुठे सुरू झाली तेच पटकन कळत नाही. खऱ्या यादीत आकडा डावीकडे सुटा राहतो आणि मजकुराखाली मजकूरच येतो, कितीही ओळी झाल्या तरी. हे हाताने जमवायला लोक मग एनबीएसपीच्या (न तुटणाऱ्या) स्पेसा मारून ओळ आत ढकलतात, आणि फोनचा आकार बदलला की ते सगळं परत विस्कटतं.

सगळ्यात महत्त्वाचं कारण मात्र स्क्रीनवर दिसतच नाही. जे लोक स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतात त्यांना खरी यादी आली की आधीच सांगितलं जातं की इथे यादी आहे आणि तिच्यात अमुक इतके आयटम आहेत, त्यामुळे ऐकायला लागायच्या आधीच अंदाज येतो की हे किती लांब आहे, ऐकायचं की पुढे जायचं. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये एल दाबला की पुढच्या यादीवर आणि आय दाबला की पुढच्या आयटमवर उडी मारता येते. बीआरवाल्या यादीत यातलं काहीच होत नाही, त्या माणसाला तो एक लांबलचक परिच्छेद ऐकू येतो. तुझी मेहनत तीच आहे, टॅग बरोबर लावला तर ती सगळ्यांपर्यंत पोचते.

रचना अगदी सोपी आहे. ओएल उघडायचा, प्रत्येक सूचना स्वतंत्र एलआयमध्ये ठेवायची, शेवटी ओएल बंद करायचा. आकडा कुठेही टाइप करायचा नाही. आणि एखाद्या सूचनेकडे पुढे कुठे बोट दाखवायचं असेल तर त्या एलआयला आयडी दे आणि तिथून लिंक कर, म्हणजे "पाचवी सूचना बघा" असं लिहावं लागत नाही आणि क्रम बदलला तरी लिंक बरोबर जागीच जाते.

प्रश्न: यूएल कधी आणि ओएल कधी? मला बुलेट जास्त छान दिसतात म्हणून मी सगळीकडे यूएलच वापरतो.

उत्तर: छान दिसण्यावरून ठरवू नका, कारण दिसणं सीएसएसमधून काहीही करता येतं. एकच गोष्ट करून बघा, यादीतले आयटम मनातल्या मनात उलटसुलट लावा. अर्थ तोच राहिला तर यूएल, अर्थ बिघडला तर ओएल. पासवर्ड बदलायच्या पायऱ्या उलटसुलट चालणार नाहीत, सोबत जोडायच्या कागदांची यादी कशीही लावली तरी चालते. स्पर्धेचा निकाल ओएल, सहभागी झालेल्यांची नावं यूएल.

प्रश्न: यादीच्या आत यादी करायची आहे. मी एका यूएलच्या आत दुसरा यूएल टाकला, दिसतंय बरोबर, पण व्हॅलिडेटर (कोड तपासणारं साधन) लाल एरर देतोय की इथे यूएल चालत नाही. दिसत बरोबर असेल तर दुर्लक्ष केलं तर चालेल ना?

उत्तर: दुर्लक्ष करू नका, व्हॅलिडेटर बरोबर सांगतोय. यूएल आणि ओएलच्या थेट आत एलआयच लागतो, स्क्रिप्ट आणि टेम्प्लेट हे दोन टॅग तेवढे चालतात. परिच्छेद नाही, हेडिंग नाही, डिव (नुसता डबा) नाही आणि दुसरी यादीही नाही. हे सगळं एलआयच्या आत मात्र बिनधास्त चालतं.

तुमच्याकडे काय झालं असणार ते सांगते, कारण ही चूक जवळपास सगळ्यांकडे एकाच पद्धतीने होते. समजा यादीत "अर्ज" आणि "फोटो" असे दोन आयटम आहेत आणि अर्जाखाली "नवीन" आणि "नूतनीकरण" असे दोन उपआयटम हवेत. तुम्ही एलआय उघडला, "अर्ज" लिहिलं, एलआय बंद केला, आणि मग त्याच्या खाली आतला यूएल सुरू केला. म्हणजे आतली यादी "अर्ज"ची राहिलीच नाही, ती दोन एलआयच्या मधे कुणाचीच नसलेली अशी पडलीय. बरोबर पद्धत म्हणजे एलआय उघडायचा, "अर्ज" लिहायचं, तो बंद न करताच आतला यूएल पूर्ण लिहायचा, यूएल बंद करायचा, आणि मग कुठे "अर्ज"चा एलआय बंद करायचा. फरक फक्त एका क्लोजिंग टॅगच्या जागेचा आहे.

डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं हे खरंय. पण "अर्ज"च्या एलआयला बॉर्डर किंवा बॅकग्राउंड देऊन बघा, चुकीच्या रचनेत उपआयटम त्या चौकटीच्या बाहेर राहतात. जावास्क्रिप्टने "अर्ज" लपवला तर त्याचे उपआयटम तसेच लोंबकळत राहतात. आणि ऐकणाऱ्याला आतली यादी कुणाखालची आहे ते कळत नाही.

आतल्या याद्यांची बुलेट ब्राउझर स्वतःच बदलतो, पहिली पातळी भरीव गोल, दुसरी पोकळ गोल, तिसरी चौकोन. तिसऱ्या पातळीच्या खाली जायची वेळ आली तर मला वाटतं थांबून विचार करावा, बहुतेक वेळा तिथे वर एक हेडिंग आणि खाली साधी यादी हेच जास्त वाचनीय होतं, फोनवर तर नक्कीच, कारण प्रत्येक पातळीला ब्राउझर डावीकडून ४० पिक्सेल खातो आणि चौथ्या पातळीला मजकुराला जागाच उरत नाही.

प्रश्न: पायऱ्यांच्या यादीत चौथ्या पायरीनंतर एक टीप द्यायची होती. मी ओएल बंद केला, टीप लिहिली, परत ओएल चालू केला तर आकडे पुन्हा एकपासून सुरू झाले. पाचपासून कसे सुरू करू?

उत्तर: आधी बघा की ती टीप चौथ्या पायरीबद्दलचीच आहे का. असेल तर यादी बंदच करायची नाही, टीप चौथ्या एलआयच्या आत वेगळ्या पीमध्ये (परिच्छेदाचा टॅग) टाका. एलआयमध्ये दोन परिच्छेद, चित्र, टेबल, काहीही बसतं, आणि लोकांना हे माहीत नसल्यामुळेच याद्या उगीच तुटतात. दहातल्या नऊ वेळा उत्तर हेच असतं असं मी म्हणेन.

टीप खरंच दोन टप्प्यांच्या मधली असेल तर दुसऱ्या ओएलला स्टार्ट अॅट्रिब्यूट द्या, स्टार्ट बरोबर ५. हा आकडा कोडमध्ये इंग्रजी अंकातच हवा, देवनागरी पाच टाइप केला तर ब्राउझरला तो आकडा म्हणून समजत नाही आणि यादी मुकाट्याने एकपासून सुरू होते. कुठलाही एरर दिसत नाही, म्हणून हे शोधायला फार वेळ जातो, विशेषतः मराठी कीबोर्ड चालू ठेवून कोड लिहिणाऱ्यांचा.

एखाद्याच आयटमचा आकडा बदलायचा असेल तर त्या एलआयला व्हॅल्यू देता येते आणि पुढची मोजणी तिथून चालते, म्हणजे व्हॅल्यू १० दिली की पुढचा ११. आणि रिव्हर्स्ड लिहिलं की आकडे उलटे उतरत येतात, दहा नऊ आठ असे, आयटम मात्र तुम्ही लिहिलेल्या क्रमानेच राहतात. रिव्हर्स्ड एचटीएमएल ५ मध्ये आलं. स्टार्ट आणि व्हॅल्यू मात्र जुने आहेत, १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये "हे वापरू नका" म्हणून बाजूला टाकलेले आणि एचटीएमएल ५ ने परत सन्मानाने घेतलेले. त्यामुळे जुन्या पुस्तकात "स्टार्ट कालबाह्य आहे" असं वाचलं तर घाबरू नका, आता ते पूर्णपणे वैध आहे आणि मला तो निर्णय योग्यच वाटतो, कारण कितवा आयटम हा अर्थाचा भाग आहे, सजावटीचा नाही.

प्रश्न: माझं सगळं पान मराठीत आहे पण यादीचे आकडे इंग्रजी येतात. १, २, ३ देवनागरीत आणि पोटकलमांना क, ख, ग असं हवंय. लॅंग एमआर (पानाची भाषा मराठी) दिलंय तरी होत नाही. शेवटी हाताने टाइप करायच्या विचारात आहे.

उत्तर: अजिबात हाताने टाइप करू नका, हे तर फार सोपं आहे आणि मराठी पान करणाऱ्या प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. लॅंग एमआर द्यायलाच हवं, त्यावरून स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो, पण त्याने यादीचे आकडे बदलत नाहीत. त्यासाठी सीएसएसमध्ये ओएलला लिस्ट-स्टाइल-टाइप द्यायचं आणि त्याची किंमत लिहायची देवनागरी, रोमन अक्षरांतला सरळ तोच शब्द. बास. १०, ११, १०० सगळं बरोबर येतं, आणि सगळ्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये चालतं.

ओएलच्या टाइप अॅट्रिब्यूटमधून हे होत नाही, तिथे फक्त पाच प्रकार आहेत: साधे आकडे, लहान ए बी सी, मोठे ए बी सी, आणि लहान-मोठे रोमन आकडे. ए बी सी मध्ये झेडनंतर एए, एबी असं पुढे चालतं.

क, ख, ग साठी मात्र स्वतःची मोजणी बनवावी लागते, तिला सीएसएसमध्ये काउंटर-स्टाइल म्हणतात, अॅटच्या चिन्हाने सुरू होणारा नियम आहे. त्याला एक नाव द्यायचं, सिस्टिम म्हणून अल्फाबेटिक लिहायचं, आणि सिम्बॉल्समध्ये आपली अक्षरं एकेक अवतरणात ओळीने द्यायची: क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, अशी हवी तितकी. ङ आणि ञ घ्यायचे की गाळायचे हे तुम्ही ठरवा, कलमांच्या यादीत बहुतेक जण गाळतात. मग सफिक्समध्ये अक्षरानंतर काय हवं ते द्यायचं, न दिलं तर पूर्णविराम आणि एक स्पेस येते, तुम्हाला कंस हवा असेल तर कंस आणि स्पेस लिहा. झालं, आता आतल्या ओएलला लिस्ट-स्टाइल-टाइप म्हणून आपण ठेवलेलं ते नाव द्या. अक्षरं संपली की अल्फाबेटिकमध्ये कक, कख असं पुढे जातं. सिस्टिम फिक्स्ड ठेवली तर अक्षरं संपल्यावर साधे आकडे येतात, ते विचित्र दिसतं, म्हणून अल्फाबेटिकच ठेवा.

हे फायरफॉक्समध्ये २०१४ पासून, क्रोममध्ये २०२१ पासून आणि सफारीत २०२३ च्या १७ व्या आवृत्तीपासून चालतंय. त्याहून जुना ब्राउझर असेल तर तिथे साधे आकडे दिसतील, यादी मोडणार नाही, आणि माझ्या मते एवढी तडजोड चालण्यासारखी आहे.

कलम २ मधलं पोटकलम २.३ असं दिसायला हवं असेल तर वेगळी युक्ती लागते. ओएलवर काउंटर-रिसेट, एलआयवर काउंटर-इन्क्रिमेंट, आणि एलआयच्या बिफोरमध्ये (मजकुराआधी सीएसएसने घातलेला भाग) काउंटर्स हे फंक्शन, शेवटी एस असलेलं, ज्याला मधला टिंब आणि देवनागरी ही शैली दोन्ही सांगता येतं. लिस्ट-स्टाइल नन करायला विसरू नका, नाहीतर दोन दोन आकडे दिसतील.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मंजूर झालेली नियमावली, करार, ठराव असं काही असेल जिथे "कलम ७" असा उल्लेख बाहेरच्या कागदांवरही झालेला आहे, तिथे आकडा यादीतल्या जागेवरून येणं धोक्याचं असतं. कुणीतरी कलम ४ रद्द झालं म्हणून तो एलआय काढून टाकतो आणि खालची सगळी कलमं एकेकने वर सरकतात, पान दिसायला नेटकं आणि कायद्याने पूर्ण चुकीचं. अशा ठिकाणी प्रत्येक एलआयला व्हॅल्यू द्या, म्हणजे आकडा त्या कलमाला बांधलेला राहतो. अजून एक, ब्राउझरने घातलेले आकडे पानातल्या शोधात सापडत नाहीत, कंट्रोल एफ करून "२.३" शोधणाऱ्याला काही मिळणार नाही, म्हणून प्रत्येक कलमाला छोटं शीर्षक असू द्या आणि आयडी द्या, शोधायला आणि लिंक पाठवायला दोन्हीला उपयोग होतो.

प्रश्न: एक तयार सीएसएस फ्रेमवर्क लावलं आणि माझ्या सगळ्या याद्यांच्या बुलेट गायब झाल्या! एचटीएमएल तपासलं, ते बरोबर आहे. कुठे शोधू?

उत्तर: ब्राउझरमध्ये बुलेट गेलेल्या आयटमवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, एलआय निवडा आणि कॉम्प्युटेडमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइप काय दिसतंय ते बघा. नन असेल तर फ्रेमवर्कच्या रिसेटने (ब्राउझरची ठरलेली शैली पुसणारे नियम) ते काढलंय, टेलविंडसारखी फ्रेमवर्क हे मुद्दाम करतात, कारण त्यांच्या मते मेनूला, कार्डांना सगळ्यांना याद्याच वापरल्या जातात आणि तिथे बुलेट नको असते. विचार बरोबर आहे पण लेखाच्या मजकुरातल्या याद्या त्यात मारल्या जातात. लेखाच्या डब्याला एक क्लास द्या आणि तेवढ्याच यूएल, ओएलना लिस्ट-स्टाइल आणि डावीकडचं पॅडिंग परत द्या. पॅडिंग विसरू नका, कारण बुलेट मजकुराच्या बाहेर त्या पॅडिंगमध्येच उभी असते, पॅडिंग शून्य आणि वरच्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन असेल तर बुलेट असूनही कापली जाते आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

लिस्ट-स्टाइल ठीक दिसत असेल तर एलआयचा डिस्प्ले बघा. तिथे लिस्ट-आयटम हवं. आयकॉन आणि मजकूर एका ओळीत आणायला कुणी एलआयलाच फ्लेक्स केलं की तो लिस्ट-आयटम राहत नाही आणि बुलेट जाते. उपाय साधा, एलआयच्या आत एक डिव किंवा स्पॅन घ्या आणि फ्लेक्स त्याला द्या.

बुलेटचा रंग बदलायचा असेल तर आता मार्कर नावाचा सूडो-एलिमेंट (फक्त सीएसएसमधून पकडता येणारा भाग) आहे, एलआयवर दोन कोलन आणि मार्कर, त्यात रंग आणि फॉन्ट बदलता येतो. मार्जिन, बॅकग्राउंड तिथे चालत नाही, ते करून बघण्यात वेळ घालवू नका. आणि चित्राची बुलेट लिस्ट-स्टाइल-इमेजने लावू नका कारण त्या चित्राचा आकार तुमच्या हातात राहत नाही.

आता मेनूबद्दल, कारण मेनू कसा करायचा हाही प्रश्न दोन-तीन पत्रांत आहे. वरचा आडवा मेनू यूएलमध्येच करा, नॅवच्या (मेनूसाठीचा टॅग) आत यूएल, त्यात एलआय, त्यात लिंक, आणि यूएलला डिस्प्ले फ्लेक्स आणि गॅप. बुलेट काढायची असेल तर लिस्ट-स्टाइल नन. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे: सफारीत लिस्ट-स्टाइल नन केलं की व्हॉइसओव्हर (अॅपलचा स्क्रीन रीडर) त्या यादीला यादी म्हणून सांगतच नाही. नॅवच्या आत असलेल्या यादीला हे लागू होत नाही, म्हणून मेनूचं काम भागतं. पण बुलेट काढलेली यादी पानात दुसरीकडे कुठे असेल आणि किती आयटम आहेत हे ऐकणाऱ्याला कळायला हवं असेल, तर यूएलला रोल लिस्ट असं लिहा. यादीला परत यादीचाच रोल द्यायचा हे वाचायला विचित्र वाटतं आणि व्हॅलिडेटर त्यावर कुरकूरही करेल, पण एवढ्या एका शब्दाने कुणाला तरी पान नीट वापरता येतं, तर तो शब्द लिहावाच.

प्रश्न: डीएल नेमका कशासाठी? शिकताना एका ओळीत उरकलं होतं, "शब्द आणि व्याख्या".

उत्तर: त्या एका ओळीमुळेच हा टॅग बिचारा कुणी वापरत नाही. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत एचटीएमएलच्या टॅगची पहिली यादी मांडली तेव्हापासून डीएल, डीटी आणि डीडी आहेत, यूएलच्या बरोबरीचे. व्याख्या हा त्याचा एक उपयोग झाला. खरं तर जिथे जिथे नाव आणि त्याची माहिती अशी जोडी असते तिथे डीएल बसतो. पुस्तकाचं पान करताय: लेखक, प्रकाशनवर्ष, पानं, भाषा, ही सगळी डीटी आणि समोरची माहिती डीडी. एका डीटीला दोन डीडी चालतात, म्हणजे दोन लेखक असतील तर दोन डीडी द्या. दोन डीटींना मिळून एक डीडीही चालतो. प्रश्नोत्तरंही यात बसतात, हा कॉलम वेबवर टाकायचा झाला तर डीएलमध्ये टाकता येईल, पण उत्तरं अशी लांब असतील तर मी तरी प्रश्नांना हेडिंग करीन, म्हणजे वाचणाऱ्याला एका प्रश्नावरून दुसऱ्यावर उड्या मारता येतात.

नाव डावीकडे आणि माहिती उजवीकडे अशा दोन रांगा करायच्या असतील तर प्रत्येक जोडीला एका डिवमध्ये घाला, डीएलच्या आत डिव चालतो, डिसेंबर २०१७ च्या एचटीएमएल ५.२ पासून ते अधिकृत आहे. मग त्या डिवला ग्रिड किंवा फ्लेक्स द्या. डीडीला ब्राउझर डावीकडून मार्जिन देतो ते शून्य करा.

एक करू नका. नुसता मजकूर आत सरकवायला डीडी, किंवा एलआय न घालता रिकामा यूएल वापरायची जुनी सवय अजून दिसते. आत सरकवायचंय तर सीएसएसमध्ये मार्जिन आहे की.

प्रश्न: परिच्छेदाच्या मधे यादी टाकली तर शेवटच्या ओळीचा रंग आणि फॉन्ट जातो. पीला क्लास दिलाय, पी बरोबर बंद केलाय, तरी!

उत्तर: तुम्ही बरोबर बंद केलाय पण त्याआधीच ब्राउझरने तो बंद केलेला आहे. तुमचा कोड असा असणार: पी उघडला, "अर्जासोबत हे जोडा" लिहिलं, यूएल आणि तीन एलआय, यूएल बंद, मग "आणि शेवटी सही करा", आणि पी बंद. पीच्या आत यादी चालत नाही, म्हणून यूएल दिसला की ब्राउझर आधीचा पी तिथेच मिटवतो. यादीनंतरची "आणि शेवटी सही करा" ही ओळ आता कुठल्याच पीमध्ये नाही, म्हणून क्लासचा रंग तिला लागत नाही. आणि शेवटचा जो क्लोजिंग पी उरला त्याला जोडीदार नाही, तर ब्राउझर तिथे एक रिकामा पी तयार करतो. इन्स्पेक्टमध्ये बघा, ओळीच्या खाली तो रिकामा पी नक्की दिसेल.

पी यादीच्या आधी बंद करा, यादीनंतर नवा पी उघडा, आणि तिघांना मिळून एकच रंग हवा असेल तर बाहेर एक डिव घेऊन क्लास त्याला द्या.

प्रश्न: एलआय बंद केला नाही तरी चालतं, मग बंद करायचा की नाही? आणि शंभरेक नावांची यादी आहे, पान फार लांब होतं, काय करू?

उत्तर: चालतं, नियमातच तशी सूट आहे, पुढे लगेच दुसरा एलआय असेल किंवा यादी तिथेच संपत असेल तर. तरी बंद करा. यादीत यादी आली की कुठला एलआय कुठे संपला हे पुढे कोड वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि वरचा "अर्ज"वाला घोळ क्लोजिंग टॅग डोळ्यासमोर असला की लगेच सापडतो.

शंभर नावांसाठी यादीचे तुकडे करून तीन यूएल करू नका, यादी एकच ठेवा आणि यूएलला सीएसएसमधून कॉलम-विड्थ द्या, समजा १२ ईएम (अक्षराच्या आकारावरून ठरणारं माप). रुंद स्क्रीनवर मावतील तेवढे रकाने पडतात आणि फोनवर आपोआप एकदोनच उरतात. एलआयला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड द्या, नाहीतर लांब नाव अर्धं एका रकान्यात आणि अर्धं दुसऱ्यात जातं. नावं वरून खाली आणि मग पुढच्या रकान्यात अशी वाचली जातात, त्यामुळे अकारविल्हे यादीला हे उत्तम. आडव्या ओळीने वाचायची असतील तर कॉलमऐवजी ग्रिड घ्या.